उशीर झालेल्या कामात माणसे वाढवावीत का?

ऑर्डर रखडली की आपण चार कारागीर आणखी लावतो. हा उपाय प्रत्येक कामाला लागू पडत नाही, असे सांगणारे 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक व्यापारी बांधवांनी जरूर वाचावे. लेखक फ्रेड ब्रुक्स हे आय.बी.एम. कंपनीत ओएस/३६० या सॉफ्टवेअरच्या कामाचे प्रमुख होते. ते काम लांबले. त्यातून मिळालेला धडा त्यांनी १९७५ साली या पुस्तकात मांडला.

कापूस वेचायला माणसे वाढवली तर काम लवकर आटोपते, हे ब्रुक्स यांना मान्य आहे. पण रखडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नवी माणसे घातली तर काम आणखी लांबते. नव्यांना शिकवण्यात जुन्या जाणकारांचा वेळ जातो. शिवाय एकमेकांशी मेळ घालावा लागतो. तिघांत ३ जोड्या होतात, तर दहा जणांत ४५!

डेव्हिड कुशनर यांचे 'मास्टर्स ऑफ डूम' (२००३) दुसरी बाजू दाखवते. मोजक्या माणसांनी १९९३ साली 'डूम' हा गाजलेला संगणक-खेळ बनवला. पण भागीदारांचे पटेना आणि १९९६ साली जॉन रोमेरो बाहेर पडले.

तेव्हा माणसे मोजण्याआधी मेळ पाहावा. मुले संगणक शिकत असतील तर त्यांना ही पुस्तके घेऊन द्या आणि आपणही त्यांच्याकडून समजून घ्या.