दुखण्याची गोष्ट सांगणारा डॉक्टर

गावात कुणी आजारी पडलं की आपण विचारतो, ‘काय होतंय?’ डॉक्टरही तेच विचारतात. पण ‘तू काम काय करतोस? दिवसभर बसतोस कुठं?’ हे विचारणारे थोडे. डॉ. अनिल अवचट हे त्या थोड्यांपैकी एक.

जुन्नर तालुक्यातलं ओतूर हे त्यांचं गाव, जन्म १९४४ चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, पण दवाखान्याची पाटी लावून बसणं काही मानवलं नाही. ते बिहारात गेले. तिथली गरिबी पाहून लिहिलेलं ‘पूर्णिया’ हे पुस्तक १९६९ साली निघालं. तेव्हा हाती धरलेली लेखणी जानेवारी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत सुटली नाही.

शेतकरी बंधूंनो, तंबाखूचं बोद किंवा हळदीचं पोतं गाडीत चढलं, पट्टी हातात आली, की आपला संबंध संपतो. अवचट त्याच्या पुढं गेले. पोती वाहणारे हमाल, हळदीचे कामगार, निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायका यांच्याजवळ जाऊन बसले. ती धूळ नाकातोंडात गेली की खोकला लागतो, डोकं गरगरतं, मळमळतं. गोळी देऊन हे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्याच वखारीत जाते. म्हणजे दुखण्याचं मूळ नुसतं शरीरात नाही, मजुरीत आहे, बंद वखारीत आहे. हे त्यांनी भाषण न ठोकता, माणसांची गोष्ट सांगावी तसं साध्या बोलीत लिहिलं.

अशा लिहिण्यानं होतं काय? ‘गर्द’चंच बघा. पुण्या-मुंबईतली पोरं ब्राऊन शुगरच्या नादी लागली, तेव्हा अवचटांनी त्यांच्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला धावले. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते चालवायची जबाबदारी मनोविकारतज्ज्ञ असलेल्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी घेतली. व्यसनी माणूस वाईट नसून आजारी आहे, असं धरून तिथं उपचार होतात. घरच्यांनाही सोबत घेतलं जातं. दारू सोडवायलाही तिथं माणसं येतात.

आता आपल्या गावाकडं या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला. आकडा सगळ्यांनी वाचला. पण पंप कसला होता, औषध कुणी सांगितलं, कपाशी केवढी वाढली होती, तोंडाला फडकं तरी होतं का, हे कळल्याशिवाय पुढचा जीव कसा वाचायचा?

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, एवढं कराच. आजाऱ्याची नोंद करताना शेजारी त्याचं कामही लिहा. फवारणीनंतर कुणाला चक्कर आली, उलटी झाली, तर आधी दवाखान्यात पोहोचवा, औषधाचा डबाही सोबत न्या. मग त्याच्याजवळ बसून सगळी हकिकत ऐका, लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचा. त्याला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. शेजारी बसून ऐकायची तयारी मात्र लागते.