आमच्या अर्जाचं काय झालं?

जुन्या 'पाहिजेत'च्या जाहिरातींत खाली बारीक टायपात एक सूचना हमखास असायची: स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट अर्जासोबत जोडावं. उत्तराचा खर्चही अर्जदाराच्याच माथी! पण त्या सूचनेत कंपनीची एक कबुली होती, की उत्तर देऊ. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात, पर्सोनेल खात्यात, मी १९८०च्या सुमाराला चिकटलो. माणसं आपल्या अर्जाच्या मागे कशी लागतात, हे तेव्हापासून टेबलाच्या अलीकडच्या बाजूने पाहत आलो आहे.

त्या काळात सगळं आवक रजिस्टरभोवती फिरायचं. लांबलचक, कापडी पाठीचं रजिस्टर. त्यात तारीख, कोणाकडून आलं, विषय काय, कोणाकडे दिलं असे रकाने. अर्जावर जांभळ्या शाईचा शिक्का बसायचा, शिक्क्यात पेनाने नंबर पडायचा आणि मग तो अर्ज फायलीत जायचा. शहाणा उमेदवार दुपारच्या चहानंतर यायचा. वॉचमनला नाव सांगून आत शिरायचा आणि क्लार्कला एवढंच विचारायचा, "भाऊसाहेब, अर्ज आवकला चढला का?" या प्रश्नाचं उत्तर क्लार्कच्या हातात असायचं. बोट फिरवून तो नंबर सांगायचा, उमेदवार चिठ्ठीवर टिपून घ्यायचा आणि जायचा. दोन मिनिटांचं काम, कुणाला त्रास नाही. पुढच्या खेपेला तो नंबर सांगत आला की क्लार्कही त्याला ओळखायचा.

याउलट "साहेब, माझं होईल ना?" म्हणून उभा राहणारा क्लार्कला अवघडून टाकायचा. बिचाऱ्याच्या हातात काहीच नसायचं, मग तो "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून मोकळा व्हायचा. गळेपडू कोण ठरतो हे मला तिथे कळलं. कितीदा विचारलं यापेक्षा समोरच्याला देता न येणारं उत्तर मागितलं की माणूस नकोसा होतो.

ज्यांना यायला जमत नसे ते स्मरणपत्र पाठवायचे. ही रीत सरकारी कचेऱ्यांकडून आलेली. वर 'संदर्भ : माझा दिनांक अमुकचा अर्ज', खाली 'कळावे' आणि सही. पोस्टकार्डावरचं स्मरणपत्र नम्र वाटायचं, शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे ते वाचायचे आणि त्याचाही थोडा परिणाम व्हायचा. काही जण मात्र स्मरणपत्र रजिस्टर ए.डी.ने धाडत. पोचपावतीवर सही करतानाच साहेबांचा चेहरा उतरायचा, कारण रजिस्टर ए.डी. म्हणजे वकिलाची नोटीस असाच सगळ्यांचा समज. दोहोंच्या मधला स्वस्त मार्ग म्हणजे यूपीसी. टपाल टाकल्याचा नुसता शिक्का मिळायचा, पत्र पोचल्याची हमी नाही. ती सोय टपाल खात्याने २०११ साली बंद केली आणि रजिस्टर पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा मामला वेगळा. १९५९च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिकाम्या जागा तिथे कळवणं बंधनकारक होतं. नाव नोंदवायचं, कार्ड जपायचं, मुदतीत रिन्यू करायचं आणि 'कॉल' येण्याची वाट बघायची. रिन्यूअलची तारीख हुकली की नोंदणीची ज्येष्ठता गेली, म्हणून घराघरांत ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवलेली असे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एक्स्चेंजकडून आलेल्या नावांवरच थांबू नका, जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्या. त्यानंतर त्या कार्डाचं वजन घटत गेलं. वशिल्याच्या चिठ्ठीबद्दल वेगळं लिहायला नकोच, ती सगळ्यांनी पाहिली आहे. मुंबईत तर स्थानीय लोकाधिकार समितीने बँका आणि विमा कंपन्यांत मराठी उमेदवारांसाठी संघटनेच्या जोरावर पाठपुरावा केला. तिथे भिडेचा प्रश्नच नव्हता.

या काळातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे रिग्रेट लेटर, निवड झाली नाही हे कळवणारं पत्र. आमच्याकडे त्याचं स्टेन्सिल कापून ठेवलेलं असायचं. सायक्लोस्टाइल करून गठ्ठा काढायचा, वर शाईपेनाने नाव आणि पदाचा उल्लेख भरायचा आणि उमेदवाराच्याच पाकिटात घालून पाठवून द्यायचं. मजकूर कोरडा, अक्षरं फिकट. पण ते पत्र मिळालेला माणूस पुन्हा विचारायला यायचा नाही. मोजके लोक उलट टपाली आभार मानायचे आणि पुढे जागा निघाली तर विचार व्हावा असं लिहायचे. असं पत्र साहेब स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. मी त्याला पाठपुराव्याचा सर्वोत्तम नमुना मानतो: नकारानंतरचा, उत्तर न मागणारा.

मग गल्लोगल्ली एसटीडी बूथ आले आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. पत्र बाजूला ठेवता येतं, फोन वाजला की घ्यावाच लागतो. टाइम्सच्या बुधवारच्या 'असेंट' पुरवणीत जाहिरात आली की पुढचे काही दिवस टेलिफोन बोर्डावरची बाई वैतागलेली असायची. १९९७ साली नौकरी डॉट कॉम सुरू झालं. सायबर कॅफेत बसून एका बैठकीत दहा ठिकाणी बायोडेटा धाडता येऊ लागला आणि एकेका जागेसाठी अर्जांचा पूर आला. त्या पुरात रिग्रेट लेटर वाहून गेलं. त्याच्या जागी आलं ते संगणकाने आपोआप पाठवलेलं 'आपला अर्ज मिळाला, कृपया या मेलला उत्तर देऊ नये'. गंमत अशी की नकार कळवणं याच काळात जवळजवळ फुकट झालं होतं!

सरकारी भरतीत उलटं घडलं. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहिती अधिकार लागू झाला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. 'माझ्या अर्जाचं काय झालं' हे विचारणं आता आर्जव राहिलं नाही, तो हक्क झाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिकाही परीक्षार्थीला पाहता येईल असं सांगितलं. खासगी कंपनीला मात्र असं काही लागू नाही. तिथे सगळं शिष्टाचारावर.

आणि शिष्टाचाराची खरी परीक्षा घेतली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निळ्या खुणांनी. पूर्वी उत्तर आलं नाही तर पोस्टमनवर खापर फोडता यायचं. आता समोरच्याने वाचलं आणि गप्प बसला, हे डोळ्यांना दिसतं. मग सकाळी "गुड मॉर्निंग सर", संध्याकाळी "एनी अपडेट?" सुरू होतं. काही वडील तर मुलाच्या वतीने फोन करतात. याने काम होत नाही, उलट "अजून मुलगा स्वतः बोलत नाही" असं पलीकडे म्हटलं जातं. करोनानंतर आयटीत भरतीची लाट आली तेव्हा चित्र फिरलं होतं, तेही सांगून टाकतो. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये उमेदवार दुसरी ऑफर घेऊन पसार होतील या धास्तीने एचआरच्या मुलीच दर आठवड्याला फोन करायच्या: "सर, जॉइन होताय ना?" गरज ज्याची, तो मागे लागतो.

आज कुणी मला विचारलं तर मी आवक रजिस्टरच्या हिशोबानेच सांगतो. मुलाखतीतून उठतानाच 'कधीपर्यंत कळेल' हे विचारून घ्या. तो दिवस उलटून एक-दोन कामाचे दिवस गेले की त्याच मेलखाली दोन ओळी लिहा: पद, मुलाखतीची तारीख आणि एकच प्रश्न, 'निर्णय झाला आहे का, की प्रक्रिया सुरू आहे?' हातात दुसरी ऑफर असेल आणि तिची मुदत संपत असेल तर स्पष्ट सांगा, त्यात आगाऊपणा नाही. आठवड्याभराने आणखी एकदा विचारायला हरकत नाही. त्यानंतरही शांतता असेल तर ते उत्तरच समजा आणि पुढचा अर्ज टाका.

भरती करणाऱ्यांकडे मात्र एक मागणं आहे. निकाल कधीपर्यंत कळवणार ती तारीख जाहिरातीतच छापा, आणि त्या तारखेला ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही कळवा.