गोव्यातील इन्क्विझिशन

गोव्यातील इन्क्विझिशन : बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तींपैकी कॅथलिक धर्ममतापासून ढळलेल्यांचा शोध घेऊन त्यांना शिक्षा फर्माविण्यासाठी पोर्तुगीजांनी गोव्यात स्थापिलेले धर्मन्यायालय (१५६०–१८१२). यूरोपात अल्पसंख्याकांच्या छळासाठी उभारलेली एक संस्था भारतात कशी रुजली, याचे हे ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपात ज्यू समाजावर वेळोवेळी अत्याचार झाले. १२९० मध्ये इंग्लंडमधून त्यांना हद्दपार करण्यात आले. १३९१ मध्ये स्पेनमधील अनेक नगरांत त्यांच्या कत्तली झाल्या व जीव वाचविण्यासाठी हजारोंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि धर्मांतराने त्यांच्याविषयीचा संशय नाहीसा झाला नाही. १४४९ मध्ये तोलेदो येथे करण्यात आलेल्या नियमाने ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना सार्वजनिक अधिकारपदे नाकारली. पूर्वी दोष श्रद्धेचा मानला जाई, तो आता रक्ताचा मानला जाऊ लागला. १४७८ मध्ये पोपच्या अनुमतीने स्पेनमध्ये इन्क्विझिशन आले व १४९२ मध्ये ज्यूंना देशत्याग करावा लागला. त्यांपैकी अनेकांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. परंतु तेथेही १४९७ मध्ये त्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. या ‘नवख्रिस्ती’ समाजावर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगालमध्ये १५३६ मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. त्याच्या धाकामुळे काही नवख्रिस्ती कुटुंबे गोवा व कोचीन येथे येऊन राहिली.

स्थापना व कार्यपद्धती : फ्रान्सिस झेव्हिअर याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशनची मागणी केली होती. १५६० मध्ये गोव्यात हे न्यायालय सुरू झाले. आदिलशाहाच्या जुन्या वाड्यात त्याचे ठाणे होते. लोक त्या वास्तूस ‘व्हडलें घर’ (मोठे घर) म्हणत. आरोपीस फिर्याद करणाऱ्याचे व साक्षीदारांचे नाव कळू दिले जात नसे. कबुलीसाठी शारीरिक छळाचा अवलंब होई व दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त केली जाई. शिक्षा ‘ऑतु-द-फे’ या जाहीर समारंभात वाचून दाखविल्या जात. न्यायालय स्वतः देहदंड देत नसे; जाळण्यासाठी आरोपीस मुलकी सत्तेच्या स्वाधीन करण्यात येई. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्यास दमण येथे अटक होऊन १६७६ मध्ये शिक्षा झाली. त्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळे या कारभाराची यूरोपभर चर्चा झाली.

नवख्रिस्तींकडून एतद्देशीयांकडे : आरंभी न्यायालयाचा रोख प्रामुख्याने नवख्रिस्तींवर होता. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे उदाहरण या दृष्टीने उल्लेखनीय आहे. स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यू मातापित्यांचा हा मुलगा १५३४ मध्ये भारतात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा वैद्य झाला व मुंबई बेटाचा पट्टाही त्यास मिळाला. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो मरण पावला. पुढील वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले व १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

पुढे एतद्देशीय ख्रिस्ती लोक प्रमुख आरोपी ठरले. बाप्तिस्म्यानंतरही जुन्या चालीरीती पाळणे हा गुन्हा मानला जाई. १७३६ च्या फर्मानाने लग्नातील ओव्या, अंगणातील तुळस, एकादशीचा उपवास, धोतर व चोळी, इतकेच नव्हे तर बिनमिठाचा भात शिजविणे यांसही मनाई करण्यात आली. हिंदूंवर न्यायालयाची सत्ता मर्यादित होती. धर्मांतरास अडथळा आणणे यांसारख्या आरोपांखाली मात्र त्यांच्यावरही खटले चालत. देवळांचा विध्वंस, अनाथ मुले मिशनऱ्यांच्या ताब्यात देणारा कायदा (१५५९) इ. उपाय शासनाचे होते. ते इन्क्विझिशनपासून वेगळे मानावे लागतात. तथापि या एकंदर दडपणामुळे अनेक कुटुंबे कारवारच्या दक्षिणेस कानडा प्रांतात गेली व कुट्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा इ. देवता पोर्तुगीज हद्दीबाहेर अंत्रूज महालात हलविण्यात आल्या.

समाप्ती : १७७४ मध्ये पोंबाल याच्या काळात हे न्यायालय बंद झाले, परंतु १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले व १८१२ मध्ये कायमचे रद्द करण्यात आले. १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांवर व्यक्तींवर खटले झाले. गोव्यातील मूळ दप्तराचा बहुतेक भाग नष्ट करण्यात आल्यामुळे त्यांतील बहुसंख्य आरोपींची बाजू कायमची लुप्त झाली. अ. का. प्रियोळकर यांनी उपलब्ध साधनांच्या आधारे १९६१ मध्ये या विषयावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

ज्यू असोत वा कोकणी, ज्यांनी सत्तेचा धर्म स्वीकारला त्यांनाच या न्यायालयाचे भय अधिक होते. बाप्तिस्म्यामुळे ते त्याच्या अधिकारकक्षेत आले. वंशामुळे आणि घरातील चालीरीतींमुळे संशयित राहिले.