खरखरीची कैफियत

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मेहुण्यांच्या नव्या, विजेवर चालणाऱ्या आणि किमतीच्या आकड्यातील शून्ये दोनदा मोजावयास लावणाऱ्या मोटारीतून साताऱ्याकडे जात असता, कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकण्याचा माझा जुना शिरस्ता पाळावा म्हणून मी समोरच्या पडद्यावर बोट फिरवू लागलो, तेव्हा असे आढळून आले की त्या पडद्यावर हवामान होते, नकाशा होता, चारही चाकांतील हवेचा दाब होता, गाडी उभी असता पाहावयाचे चित्रपटसुद्धा होते. मध्यम लहरी मात्र कोठेच नव्हत्या. एफएम होते, परंतु त्यावरचे गाणे असे काही खरखरत होते की, गायिका कोण हे ओळखण्यासाठी पूर्वस्मृतीचाच आधार घ्यावा लागावा.

"भाऊजी, त्याचा नाद सोडा," मेहुणे म्हणाले. "सर्व्हिस सेंटरवाल्यांनी छतावरचा तो माशाचा पर दोनदा बदलून पाहिला. विजेच्या मोटरमध्ये लोहचुंबक असते, तेच रेडिओ खाते म्हणतात. विजेची गाडी घेतली की हे असेच चालायचे."

या चार वाक्यांत जितके गैरसमज सामावले होते तितके एखाद्या जाड ग्रंथातही सहसा एकत्र सापडत नाहीत, आणि ते केवळ आमच्या मेहुण्यांचे नसून अशा गाड्यांच्या बहुसंख्य मालकांचे, विक्रेत्यांचे आणि कधी कधी दुरुस्ती करणाऱ्यांचेही असल्यामुळे त्यांचा खुलासा थोडा तपशिलाने करणे अवश्य वाटते. मुळात फिर्याद एक असली तरी गुन्हे तीन आहेत. गाडीच्या पोटातच उत्पन्न होणारा कोलाहल हा पहिला. बाहेरचा संदेश आत येऊच न देणारी काच हा दुसरा. आणि उत्पादकाने आपल्या हिशेबाने एक संपूर्ण लहरीपट्टाच काढून टाकणे हा तिसरा. तिघांनाही 'रेडिओ नीट लागत नाही' या एकाच कलमाखाली घातले की कोणाचाच निकाल लागत नाही.

प्रथम लोहचुंबकाला निर्दोष सोडून द्यावे. स्थिर चुंबक आकाशवाणीच्या लहरींना काही करीत नाही; प्रत्येक ध्वनिवर्धकाच्या पाठीशी तो असतोच. खरा उपद्रव इन्व्हर्टरचा. बॅटरीतून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, तर मोटरला हवा असतो प्रत्यावर्ती प्रवाह. म्हणून अर्धवाहकांची बटणे चारशे व्होल्टचा, पोर्शच्या टायकानसारख्या गाडीत आठशे व्होल्टचा, दाब सेकंदाला हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. ही उघडझाप सेकंदाला दहा हजार वेळा, म्हणजे १० किलोहर्ट्झने, होते असे धरू. आता हा दाब घड्याळाच्या लंबकासारखा हळुवार झुलला असता तर गोष्ट तेथेच मिटली असती; परंतु तो कड्यावरून पडावा तसा एकदम पडतो व एकदम चढतो, आणि अशा धारदार चढउतारातून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, शंभरपट अशा सर्व पटींच्या लहरी बाहेर पडतात, हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच फूरियेने करून ठेवले आहे. आपल्याकडील मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ वर. दहाची एकोणऐंशीवी पट ७९०! ज्या ९ किलोहर्ट्झच्या खणात पुण्याच्या निवेदकाचा आवाज बसलेला असतो, त्याच खणात इन्व्हर्टर आपली शीळ घालीत शिरतो. बटणे जितकी चपळ तितकी उष्णता कमी वाया जाते आणि गाडी एका भरण्यात अधिक अंतर कापते. म्हणून सिलिकॉन कार्बाइडची अतिचपळ बटणे आली. म्हणजे जी गोष्ट गाडीला काटकसरी करते तीच रेडिओच्या मुळावर येते.

तरीही हा दोष विजेच्या गाडीचाच, पेट्रोलची गाडी या बाबतीत जन्मतः सोवळी, असे कोणी म्हणेल तर त्याला इतिहास ठाऊक नाही. हाइनरिश हर्ट्झने १८८७ च्या सुमारास विद्युत्-चुंबकीय लहरी प्रथम प्रयोगशाळेत निर्माण केल्या त्या ठिणगी पाडूनच, आणि पेट्रोलच्या इंजिनातील स्पार्क प्लग दर मिनिटाला हजारो वेळा नेमके तेच करतो. किंबहुना जुनी मोटार म्हणजे चार चाकांवरचे एक बेशिस्त प्रक्षेपण केंद्रच होते. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाबाहेर ती गाडी उभी केली आणि 'मोटोरोला' हे नाव बाजारात आणले, त्यापूर्वी त्यांच्या मंडळींचा मोठा झगडा चालला होता तो याच ठिणगीशी. पुढे प्लगमध्ये रोधक आला, उच्च दाबाच्या तारांत तांब्याऐवजी कार्बनचा गाभा आला, आणि मोटारींतील गाणे स्वच्छ झाले. आजही मेकॅनिककडे प्लगच्या खोक्यावरील अक्षरांत जो 'आर' दिसतो तो त्या जुन्या तहाचाच दस्तऐवज होय. हा तह दोन-चार वर्षांत झाला नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, इन्व्हर्टरचा कोलाहल जर मध्यम लहरींना बाधतो, तर एफएम का खरखरत होते? प्रश्न रास्त आहे. मध्यम लहरींवर आवाजाच्या चढउतारानुसार लहरीची उंची बदलते, आणि वळवाच्या विजा असोत की इन्व्हर्टर, त्यांचा धक्काही मुख्यतः उंचीलाच बसतो. म्हणून ग्राहक संचाला निवेदक कोणता आणि वीज कोणती हे ओळखता येत नाही. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पेटंट घेतलेल्या एफएममध्ये उंची तीच ठेवून वारंवारता हलविली जाते, आणि संच उंचीतले सारे चढउतार सरसकट कापून टाकतो. शिवाय एफएमचा मुलूख १०० मेगाहर्ट्झच्या आसपास. १० किलोहर्ट्झची दहा हजारावी पट तेथे पोहोचेपर्यंत बहुतेक दमून जाते. म्हणून विजेच्या गाडीत एफएम वाईट लागत असेल तर मोटरकडे बोट दाखविण्यापूर्वी काचेकडे पाहावे.

काचेचे हे प्रकरण मला सर्वांत मनोरंजक वाटते, कारण तेथे गाडी जितकी महाग तितकी अडचण अधिक. एफएमची तरंगलांबी सुमारे ३ मीटर, आणि चांगल्या एरियलची लांबी तिच्या चतुर्थांश, म्हणजे ७५ सेंटीमीटर. जुन्या गाडीच्या पुढच्या पंखावरून ओढून काढावयाची ती चकचकीत काठी साधारण या मापाची असे, आणि ती कुरूप दिसत असली तरी आपले काम चोख करीत असे. आजच्या श्रीमंत गाडीला काठी शोभत नाही. छतावरचा 'माशाचा पर' पाच-सात सेंटीमीटर उंचीचा. पुष्कळ गाड्यांत त्यात उपग्रहावरून स्थान कळविणारे आणि मोबाईलचे अशी एरियल असतात, एफएमचे नसतेच! ते असते मागच्या काचेवर, धुके घालविणाऱ्या बारीक तारांच्या शेजारी छापलेल्या रेषांत, आणि काठीच्या मानाने दुबळ्या असलेल्या त्या रेषांना जवळच लपविलेला एक छोटा वर्धक आधार देतो. सर्व्हिस सेंटरने पर दोनदा बदलला तो म्हणजे दाढ दुखत असता दोनदा टोपी बदलण्यातला प्रकार.

त्यात आमच्या मेहुण्यांनी स्वतःची भर घातली होती. ऊन लागते म्हणून मागच्या काचेवर आतून त्यांनी एक धातुमिश्रित पारदर्शक फिल्म चिकटवून घेतली होती. जी फिल्म उन्हाची उष्णता परतवते ती आकाशवाणीच्या लहरीही परतवते. आणि एरियलच्या रेषांवरच ती बसली की रेषांचे मापही बिघडते. कारखान्यातूनच धातूचा मुलामा देऊन आलेल्या समोरच्या काचांचेही तेच. याचा पडताळा रेडिओ नसलेल्या माणसालाही टोलनाक्यावर मिळतो. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, आणि अशा काचेच्या मुलामा दिलेल्या भागावर तो लावला तर यंत्राला तो दिसत नाही. म्हणून उत्पादक आरशाजवळ बिनमुलाम्याचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवतात. खेड-शिवापूरच्या नाक्यावर आमचा अडथळा मुकाट्याने वर गेला, त्या अर्थी तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन विक्रेत्याने ओळखला होता. फिल्म लावणाऱ्याला काचेवरच्या रेषा मात्र दिसल्या नाहीत.

एफएमची आणखी एक खोड आहे, तिच्यात गाडीचा काहीच अपराध नसतो. मुंबईत उंच इमारतींच्या मध्ये लाल दिव्यापाशी थांबले असता चालू गाणे अकस्मात फाटते आणि गाडी हात-दोन हात पुढे सरकविली की पुन्हा जुळते. सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एका जागी एकमेकींना पुसून टाकतात, आणि या रिकाम्या जागा साधारण दीड-दीड मीटरवर येतात, एवढेच ते रहस्य. यासाठी चांगल्या गाड्यांत दोन-तीन एरियल ठेवून ज्यावर आवाज बरा त्यावर संच आपण होऊन उडी मारतो.

टोलनाका ओलांडल्यावर मी मेहुण्यांना एक विनंती केली. डॅशकॅमसाठी सिगारेट लायटरच्या भोकात त्यांनी रस्त्यावरून घेतलेला एक स्वस्त चार्जर खुपसला होता. तो उपटावयास सांगितला. निम्मी खरखर तत्क्षणी गेली! या चार्जरच्या पोटातही तशीच बटणांची उघडझाप चाललेली असते, आणि ती जाळीत गुंडाळण्याचा खर्च त्याच्या किमतीत बसत नाही. पेट्रोलच्या गाडीतही हा चार्जर हाच उपद्रव करतो. मेहुण्यांनी चार्जर पुन्हा खुपसला, पुन्हा काढला, असे चार वेळा केले. माणसाला आपल्या डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवणे जड जाते.

उरला तिसरा गुन्हा. मध्यम लहरी विजेच्या गाडीत बसविणे तांत्रिकदृष्ट्या अशक्यच आहे, हा समज उत्पादकांनी फारसा खोडून काढलेला नाही, कारण तो त्यांना सोयीचा आहे. वस्तुस्थिती अशी की, अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य एड मार्की यांनी डिसेंबर २०२२ मध्ये वीस मोटार कंपन्यांकडे लेखी विचारणा केली तेव्हा बीएमडब्ल्यू, फोर्ड, टेस्ला, फोक्सवॅगन, व्होल्वो यांच्यासह आठ कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून हा पट्टा काढल्याचे कबूल केले. पण होंडा, ह्युंदाई, निसान, टोयोटा आदींनी तो ठेवला होता. एकाला अशक्य ते दुसऱ्याला शक्य होत असेल तर प्रश्न निसर्गनियमाचा नसून खर्चाचा आहे. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारांना धातूची जाळी, त्यांच्या जोडांनाही अखंड आवरण, प्रवाहाच्या वाटेवर फेराइटची कडी, इन्व्हर्टरच्या तोंडाशी गाळणी, एरियल त्यापासून दूर: उपाय सारे ठाऊक आहेत. त्यांना वजन आहे, जागा लागते, पैसा लागतो. बीएमडब्ल्यूच्या आय-थ्रीसारख्या गाडीत प्रवासी कक्षच कार्बन तंतूंच्या प्लॅस्टिकचा. पोलादी पत्र्याइतके आवरण त्यापासून मिळत नाही, हे मान्य. तरी फोर्डने आपल्या सर्वच नव्या गाड्यांतून मध्यम लहरी वगळण्याचे जाहीर करून, मे २०२३ मध्ये हा पट्टा सक्तीचा करणाऱ्या कायद्याचा मसुदा सिनेटपुढे येताच निर्णय फिरविला, यावरून भौतिकशास्त्र आठवड्याभरात बदलले असे कोणी म्हणणार नाही.

सरकारी चाचणी उतरलेल्या गाडीत रेडिओ उत्तम लागलाच पाहिजे, असेही पुष्कळांना वाटते. त्या चाचणीचा रोख मुख्यतः गाडीमुळे शेजाऱ्याच्या यंत्रांना त्रास होऊ नये आणि बाहेरच्या लहरींनी गाडी बिथरू नये, यावर असतो. मालकाच्या कानाचा बंदोबस्त उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेला आहे. आणि या लहरींमुळे आत बसलेल्यांच्या प्रकृतीला धोका आहे काय, या प्रश्नाला फार वेळ देण्याचे कारण नाही. संवेदनशील ग्राहक संचाला व्यत्यय आणावयास जी शक्ती पुरते ती अत्यल्प असते.

इंटरनेट असता मध्यम लहरी हव्यात कशाला, हा आक्षेप शहरात बिनतोड आणि घाटात लंगडा आहे. एफएमच्या लहरी डोंगर आडवा आला की थांबतात. शेकडो मीटर लांबीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगराच्या पलीकडे उतरतात. अमेरिकेत राष्ट्रीय आपत्तीच्या सूचनेसाठी जी ७७ केंद्रे मुद्दाम सज्ज ठेवलेली आहेत त्यांतील बहुतेक मध्यम लहरींवरचीच आहेत, आणि तेथील आपत्ती निवारण खात्याच्या सात माजी प्रमुखांनी २०२३ मध्ये हा पट्टा गाड्यांत राखावा असा अर्ज केला तो याच आधारावर. नॉर्वेची गोष्ट निराळी: विजेच्या गाड्यांत अग्रेसर असलेल्या त्या देशाने २०१७ सालीच राष्ट्रीय केंद्रांचे एफएमसुद्धा बंद करून अंकीय प्रक्षेपण स्वीकारले.

शिरवळच्या अलीकडे चहासाठी थांबलो तेव्हा मी पिशवीतून माझा ट्रान्झिस्टर काढला. गाडीत तो ७९२ वर लावला तर नुसती शीळ. मेहुण्यांनी गाडी रिकाम्या आवारात थोडी पुढे नेली तशी शिळेची पट्टी चढली, पाय काढताच उतरली. चोर मुद्देमालासह सापडला होता. मग वीस पावले दूर बाभळीखाली जाऊन संच थोडा फिरविला, आणि आतली फेराइटची कांडी पुण्याच्या लहरींशी काटकोनात येताच निवेदकाचा आवाज समोर बसून बोलावा तसा स्पष्ट झाला. बातम्या केव्हाच संपल्या होत्या. शेतकऱ्यांसाठी काही सांगणे चालले होते.

पुढे मेहुण्यांनी मागच्या काचेवरची फिल्म उतरवून घेतली, चार्जरही बरा घेतला, आणि आता त्यांच्या गाडीत एफएम निर्वेध लागते. मध्यम लहरींसाठी त्यांनी माझा ट्रान्झिस्टर मागितला होता. तो मी दिला नाही.