हृदय थकलंय, थांबलेलं नाही

‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द कानावर पडले आणि आमच्या भाईजाननी अंथरूणच धरलं. हललो तर संपलो, अशी धास्ती. आम्हीही पाण्याचा पेला त्यांच्या हातात नेऊन देऊ लागलो.

निम्मा घात या नावानंच केला. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. रक्त पुढं ढकलण्याची किंवा आत भरून घेण्याची त्याची ताकद कमी पडते. मग चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, पाय सुजतात. माणूस हालचाल टाळतो, स्नायू रोडावतात आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला अधिक दम लागतो. पूर्वी डॉक्टरही सक्तीची विश्रांती सांगत. आता प्रकृती स्थिर असेल तर बेताचा व्यायाम सुचवतात.

इथं चीनमधली ‘ताई ची’ उपयोगी पडते. मुळात ही युद्धकला. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश न्यायचा, हात पाण्यातून फिरवल्यासारखे फिरवायचे आणि श्वास त्या लयीत सोडायचा.

बोस्टनच्या संशोधकांनी 2011 साली 100 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर ताई ची शिकवली. उरलेल्यांना आरोग्याची माहिती दिली. शेवटी सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. पण ताई ची करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं, मन हलकं झालं, ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला. म्हणजे हा व्यायाम हृदय नवं करत नाही. भीती कमी करतो.

श्वासाचंही तसंच. मिनिटाला साधारण सहा श्वास, या संथ गतीनं अशा रुग्णांच्या रक्तातला प्राणवायू वाढल्याचं इटलीतल्या डॉक्टरांना 1998 साली दिसलं. पुढं 2001 साली निरोगी माणसांच्या पाहणीत त्यांना आढळलं, की ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणतानाही श्वास याच गतीवर येतो. धर्म वेगळे, लय एकच!

मात्र पथ्यं पाळायलाच हवीत. गोळ्या बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची. श्वास कोंडायचा नाही, जोरजोरात फेकायचाही नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप वाढली तर तिथंच थांबायचं आणि वैद्यकीय मदत घ्यायची. तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर ते पाणी साठल्याचं लक्षण असू शकतं; डॉक्टरांना लगेच कळवायचं.

डॉक्टरांच्या परवानगीनं भाईजान सकाळी दहा मिनिटं खुर्चीत बसून संथपणे हात हलवू लागले. मग खुर्चीला धरून उभे राहून. परवा मी पाण्याचा पेला घेऊन गेलो, तर म्हणाले, “ठेव तिथं. मी उठून घेतो.”