जोडटायर आणि काळा चिखल
मागे चार टायर असलेली गाडी चिखलात अडकत नाही, असं पुष्कळांना वाटतं. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला की उसाच्या फडात उतरलेल्या सहाचाकी गाड्या हा समज खोटा ठरवतात.

जोडटायर म्हणजे मागच्या आसाच्या (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) प्रत्येक टोकाला शेजारी शेजारी बसवलेले दोन टायर. ते असतात वजन पेलायला. भार जास्त जागेवर पसरतो, म्हणून टायर कमी रुततो, हे खरंच. पण कमी रुतणं म्हणजे पकड नव्हे.

ओल्या काळ्या रानात चपला घालून चालून पाहा. तळाला चिखलाचा थर चढतो आणि पाय घसरतो. अनवाणी पायाची बोटं मात्र खालच्या घट्ट मातीत शिरतात. जोडटायर चपलेसारखा वरवर राहतो. त्यात दोन टायरांमधल्या फटीत चिखल असा ठासून बसतो, की पहारीनं उकरला तरी ढेकळाढेकळानंच निघतो. मग खाचा बुजलेला टायर जागेवरच फिरतो. गाडी रिकामी असेल तर जास्तच, कारण मागे दाब नसतो.

अशा वेळी रेस वाढवली तर चाक खड्डाच खणतं. आधी फट मोकळी करावी, चाकापुढे पाचट (उसाची वाळलेली पानं) अंथरावं आणि गाडी सावकाश काढावी. तरीही न निघाल्यास ट्रॅक्टर बोलवावा. त्याच्या टायरचे उंच कंगोरे मातीत शिरतात.