बाराव्या तासाचा पगार

पोलीस शिपायाला पगार किती, असं चारचौघांत विचारून बघा. उत्तरं दोनच येतात. एक, ‘बिचाऱ्यांना मिळतं तरी काय!’ आणि दुसरं, डोळे बारीक करून, ‘पगाराला हात कोण लावतंय?’ आकडा मात्र कुणालाच ठाऊक नसतो. वास्तविक तो गुपित नाही, भरतीच्या जाहिरातीतच छापलेला असतो. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात शिपाई एस-७ या स्तरावर बसतो: २१,७०० ते ६९,१००. लिपिक-टंकलेखक त्याच्या एक पायरी खाली, १९,९०० वर. वनरक्षक शिपायाच्याच शेजारी. तलाठी एक पायरी वर, २५,५०० वर. पोलीस उपनिरीक्षकाची सुरुवात ३८,६०० ला, आयपीएस होऊन आलेल्याची ५६,१०० ला, आणि महासंचालकांचा आकडा २,२५,०००. नव्या शिपायाच्या दहापटीहून थोडा जास्त.

आता नव्या शिपायाची पगारपत्रिका जरा जवळून पाहू. १ जानेवारी २०२४ पासून राज्याचा महागाई भत्ता ५० टक्के झाला. हिशेबाला सोपा म्हणून तोच धरतो. मूळ २१,७००, त्यावर १०,८५०, मिळून ३२,५५०. सरकारी क्वार्टर नसेल तर मोठ्या शहरात घरभाड्यापोटी आणखी पाच ते साडेसहा हजार. मग कपातीची बाजू. १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे अंशदायी योजनेत दहा टक्के, म्हणजे ३,२५५ रुपये जातात. व्यवसाय कराचे दोनशे. गटविमा. पतसंस्थेतून कर्ज काढलं असेल, आणि बहुतेकांनी बहिणीच्या लग्नाला किंवा गावाकडच्या घराला काढलेलंच असतं, तर त्याचा हप्ता. दिवाळीला सण अग्रिम मिळतो, पण तो बक्षीस नव्हे. पुढच्या पगारांतून वळता होतो.

घरभाड्याच्या त्या पाच-साडेसहा हजारांत मुंबईत काय मिळतं हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून माणूस बदलापूर, टिटवाळा, विरार गाठतो आणि ड्युटीच्या दोन्ही टोकांना लोकलचा प्रवास जोडतो. क्वार्टर मिळालेल्यांची कथा वेगळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात बांधल्या गेल्या. त्यातल्या साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. पुनर्विकास ठरला तेव्हा तिथल्या पोलीस कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर द्यायचं ठरलं, पण विकत. २०२२ मध्ये किंमत आधी ५० लाख सांगितली गेली, ओरड झाल्यावर २५ लाखांवर आली, सरकार बदललं आणि १५ लाखांवर स्थिरावली. एकाच घराचा भाव एका वर्षात तीनदा ठरतो, तेव्हा पोलिसाला काय परवडतं याचा हिशेब आधी कुणी केलाच नव्हता हे उघड आहे.

तरीही, पगार कमी आहे असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. बारावीची अट असलेल्या नोकरीसाठी पदवीधर, अभियंते पहाटे मैदानावर १६०० मीटर धावत होते. एका जागेमागे शंभर माणसं उभी असतील तर बाजाराच्या भाषेत पगार पुरेसा आहे, असा युक्तिवाद अर्थखात्यातला कुणीही करील, आणि तो अगदीच खोटा नाही. कंत्राटी सुरक्षारक्षक बारा तास उभा राहून अनेकदा शिपायाच्या निम्मेही घरी नेत नाही. शिपायाला दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ आहे, दहा-वीस-तीस वर्षांवर आश्वासित प्रगती योजनेचे लाभ आहेत. २०२२ मध्ये पोलीस नाईक हा संवर्ग काढून टाकल्यावर बढतीच्या वाटेतली एक पायरीही वाचली.

घोडं अडतं ते दुसरीकडे. महिन्याचा आकडा पाहून न्याय-अन्याय ठरवता येत नाही, कारण तो किती तासांचा आहे हेच कुठे लिहिलेलं नाही.

२०१४ मध्ये पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय संस्थेने देशभरातल्या ठाण्यांचा अभ्यास केला. नव्वद टक्के कर्मचारी आठ तासांहून जास्त काम करतात आणि जवळपास तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी नीट मिळत नाही, असं त्यातून निघालं. २०१९ च्या ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांच्या अहवालात कामाची देशव्यापी सरासरी दिवसाला चौदा तास भरली. मी उदारपणे बाराच धरतो आणि रविवारची सुट्टीही देऊन टाकतो. महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. ३२,५५० ला २०८ ने भागलं की तासाला १५६ रुपये पडतात. बारा तास भरले तर तोच दर १०४ वर येतो. सुट्टीही गेली तर नव्वदीवर.

आता कारखान्याचा कायदा लावून बघा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागे. आपल्या शिपायाचे वरचे तास रोज चार, महिन्याला १०४. दुप्पट दराने ते २०८ तासांइतके होतात. म्हणजे ओव्हरटाइमची रक्कम होते ३२,५५०, अगदी पगाराइतकी! तो पिंपरीच्या कारखान्यात असता तर दर महिन्याला दोन पगार घेऊन घरी गेला असता. भत्त्यांचे बारकावे मी सोडले आहेत, पण त्यांनी चित्र फारसं पालटत नाही. असे एक लाख अंमलदार धरले तर मोबदला न दिलेल्या तासांची किंमत वर्षाला ३,९०६ कोटी होते, तीही सर्वांत खालच्या पगाराने. नवी भरती करण्यापेक्षा आहेत त्यांनाच थांबवून ठेवणं सरकारला इतकं स्वस्त का पडतं, याचं उत्तर या आकड्यात आहे.

या थांबवून ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ सांगतं की पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जाईल. १८६१ च्या पोलीस कायद्यातून ही तरतूद चालत आलेली आहे. जो सदैव कामावर त्याला जादा वेळ कुठून? विसर्जनाच्या मिरवणुकीत पहाटे चारला नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला ‘ड्युटी कधी सुटणार?’ असं विचारलं, तर तो घड्याळाकडे बघत नाही. ‘बंदोबस्त उठला की,’ म्हणतो.

काम आणि पगाराच्या या गणितातलं अर्धं इंग्रजांना कळत होतं. १९०२ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगाने पोलिसांची लाचखोरी आणि नालायकी यांवर कोरडे ओढले आणि त्याच दमात शिपायाला महिन्याला किमान आठ रुपये द्या, असंही सुचवलं. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र त्यांनी पुरती किंमत मोजली. १९१८ मध्ये लंडनचे पोलीस संपावर गेले. पुढच्या वर्षी डेसबरो समितीच्या शिफारशीवरून पगार भरघोस वाढले आणि १९१९ च्या कायद्याने संघटना बंद करून पोलीस फेडरेशन नावाचं अधिकृत व्यासपीठ दिलं. संपाचा हक्क काढून घेतला, बोलायची जागा दिली.

मुंबईत या सौद्याची पहिलीच बाजू अमलात आली. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना सरकारी परवानगीवर टांगल्या होत्या. १९७९ मध्ये धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने पहिल्याच अहवालात शिपायाला अकुशल नव्हे, कुशल कामगार समजून वेतन द्या, असं सुचवलं. त्याच सुमारास मुंबई पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली. पगार, तास, घरं, साहेबांच्या बंगल्यावरची चाकरी या तिच्या तक्रारी होत्या. १५ ऑगस्ट १९८२ ला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे पुढाऱ्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पकडलं आणि शहर पेटलं. गिरणी संप आधीच चालू होता. वरळी, नायगावच्या रस्त्यांवर शिपाई आणि गिरणी कामगार एकत्र उतरले, लोकल थांबल्या, लष्कर बोलवावं लागलं. संघटनेची मान्यता गेली, अनेकांची नोकरी गेली. चाळीसेक वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, जुन्या पेन्शनसाठी राज्याचे लाखो कर्मचारी संपावर गेले. तोच प्रश्न असलेला शिपाई त्यांच्या मोर्चाच्या बंदोबस्ताला उभा होता.

‘पगाराला हात कोण लावतंय’ हा टोमणाही टाळून चालणार नाही. पगार वाढवला की चिरीमिरी थांबते, ही समजूत सोयीची आहे. घानाने २०१० मध्ये पोलिसांचे पगार दुप्पट केले. जेरेमी फोल्त्झ आणि क्वेकू ओपोकू-आग्येमान या अभ्यासकांनी महामार्गावरच्या मालट्रकांच्या नोंदी तपासल्या, तर नाक्यांवरच्या लाचेची रक्कम उलट वाढलेली निघाली. तेव्हा पगारवाढीची मागणी भ्रष्टाचारावरचं औषध म्हणून करूच नये. केलेल्या कामाचा मोबदला म्हणून करावी. हप्ता घेणाऱ्यावर खटला भरा, पण न घेणाऱ्याचा बारावा तास त्या हिशेबात फुकट धरू नका.

तास मोजता येतात हे देवनार पोलीस ठाण्याने दाखवलं आहे. मे २०१६ मध्ये तिथे आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग झाला. कल्पना तिथल्याच एका पोलिसाची होती, साथ तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांची. १ जानेवारी २०१७ पासून ती सगळ्या मुंबईत नेली. नंतर मनुष्यबळ कमी पडलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडत राहिली. २०२२ मध्ये किरकोळ रजा बारावरून वीस झाली, पण रजा खात्यावर असणं वेगळं आणि ती मंजूर होणं वेगळं. गडचिरोलीत नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना दीडपट वेतन मिळतं. जोखमीला दर लावता येतो हे सरकारला तिथे मान्य आहे.

न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राचा आठवा वेतन आयोग बसला आहे. त्याच्यामागून राज्याचा तक्ता बदलेल. एस-७ पुढचा आकडा नक्कीच मोठा होईल, आणि त्याच दिवशी ‘पोलिसांची चांदी’ असे मथळेही येतील. अंमलदार ठाण्यातून कधी बाहेर पडला आणि कधी परतला, हे स्टेशन डायरीत रोज लिहिलं जातं. ती डायरी पगारबिलाला जोडायला नवा आयोग लागत नाही. अर्थखात्याचा एक शासन निर्णय पुरतो.